गृहखात्याचा संशय

अहो,

‘प्रिय’ लिहायला हात धजत नाही, कारण आपलं बोलणं अजून बंद आहे. दिवाळीनंतर मी जे तोंड मिटलं ते मिटलंच. “चहा झालाय”, “गॅस संपला”, “स्वातीचा फोन होता”, एवढ्यावर आपला संसार चालला होता, आणि एवढ्यावरच तो एका दुपारी थांबला. बायकोचा अबोला चालू असताना असं मधूनच उठून जातं का कुणी? निदान भांडण तरी पुरं करायचं!

आज लिहायला बसले त्याला कारण आहे. गेल्या सोमवारी धाराशिवला एका बाईनं मला माइकसमोर बसवून एक प्रश्न विचारला. मी म्हणाले, “ते आमचं आम्ही बघू.” बोलून तर गेले. परत येताना एसटीत लक्षात आलं की बघणारी आता मी एकटीच. तरी बघायला हवंच ना?

माइकसमोर? मंदा? तुमचा चेहरा दिसतोय मला. थांबा, सगळं सांगते. आधीपासून सांगते.

पहिला संशय मला दहाव्यालाच आला. बोरी नदीच्या काठावर पिंड ठेवला, सगळे मागं सरकले, आणि कावळा लगेच शिवला. लगेच! लोकांना तासन्‌तास ताटकळावं लागतं, कुणी हात जोडून सांगतं, पोराबाळांकडं बघू म्हणून. तुमचा कावळा जणू वाटच बघत होता.

“लई भाग्याचा माझा भाऊ,” शोभावन्सं डोळे पुसत म्हणाल्या. “कायबी इच्छा मागं राहिली न्हाय.”

मी मनात म्हटलं, घरात बायको बोलत नव्हती, आणि या माणसाची काहीच इच्छा राहिली नाही? एक तर कावळा उपाशी होता, नाहीतर यांच्या इच्छा दुसरीकडं कुठंतरी पुऱ्या होत होत्या.

आणि तेराव्याला ती आली. चाळिशीची, बॉबकट, सुती साडी, पायात बूट. धाराशिवहून एकटी. तुमच्या फोटोपुढं उभी राहिली आणि अशी रडली की माझ्या माहेरची माणसं तिच्यापुढं फिकी पडली. मग माझे दोन्ही हात धरून म्हणाली, “काकू, आता आमचा सोमवार कसा जायचा?”

सोमवार!

मागून शोभावन्संनी मला कोपरानं ढोसलं. “कोण गं ही? कुणाकडली?”

“असतील ओळखीच्या,” मी म्हणाले. काय सांगणार?

नीलिमा नाव सांगितलं तिनं. इंग्रजीचे क्लास घेते म्हणाली. जाताना पत्ताही सांगितला, कधीही या म्हणाली. दुसरं कुणी म्हणेल, ज्याला लपवायचं असतं तो पत्ता देत नाही. मी असं म्हणत नाही. हुशार माणूस पत्ता देतोच.

तुम्ही मला कायम संशयी म्हणायचात. अहो, मी तेरखेड्याची! आमच्याकडं फटाक्याचं काम. नीट चालता यायच्या आधी आम्हाला शिकवलेलं असतं, की चपलेचा खिळा, अंगातला नायलॉनचा झगा, उन्हानं तापलेला पत्रा, कशाचाच भरवसा धरायचा नाही. जे शांत पडलंय त्याचा तर अजिबात नाही. माझी आई दारू भरलेल्या डब्याकडं ज्या नजरेनं बघायची, त्याच नजरेनं माझ्या स्थळांकडं बघायची. तुम्हाला पसंत करायला तिनं किती दिवस लावले, आठवतंय?

तेच डोळे घेऊन मी नळदुर्गला आले, आणि तुम्ही निघालात टीव्ही दुरुस्त करणारे. पुढं दुकान, मागं घर, मधे एक दार. दुरुस्तीला आलेल्या टीव्हीवर तुमच्या त्या अवकाशातल्या मालिका चालायच्या, टेस्टिंग म्हणून. टीव्ही बरा व्हायचा, टेस्टिंग काही संपायचं नाही. गिऱ्हाईक बिचारं बाहेर उभं, हायवेवरच्या ट्रका मोजत.

मी चहा घेऊन यायचे आणि दारातच थोडी थांबायचे. बसायचे कधीच नाही. बसलं की बघतेय असं झालं असतं. ते जहाजवालं चालू असायचं. पृथ्वी सोडून पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं भलंमोठं जहाज, आणि त्यातली गोरी माणसं चक्क हिंदीत बोलणारी.

“ह्यो कॅप्टन खोटं बोलतोय,” मी म्हणायचे.

“कशावरनं?”

“दार वाजवून आत आला. जहाज त्याचं, दार त्याचं. आपल्याच घरात दार कोण वाजवतं? जो बाहेर उभा राहून आतलं बोलणं ऐकत होता, त्यो.”

आणि दोन-चार भागांनी निघालाच की तो तसला!

एकदा त्यांच्या जहाजाला आग लागली. मी विचारलं, “धूर वर कसा काय चाललाय? तिथं वर कुठलं आन् खाली कुठलं?” तुम्ही हसता हसता चहा सांडलात, तोही गिऱ्हाइकाच्या रिमोटवर. आणि भांड्यांचं आठवतंय का? “एवढ्या माणसांचं जेवण होतं, मग भांडी कोण घासतं? कापडं कोण धुतं? एक तरी दाखवलाय का आजपातूर? बघा तुमी, ज्यांना दाखवत न्हाईत तेच एक दिवस घात करणार.” पुढचा सीझन सुरू झाला तो थेट तिथूनच. खालच्या मजल्यावरच्या कामकऱ्यांनी इंजिन ताब्यात घेतलं होतं. गोष्ट मीच लिहिल्यासारखं तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात.

“तुला कुणी सांगितलं हे?”

“सांगायला कशाला पायजे? ह्या घरात आले तवा मी तरी कुणाला दिसत होते?”

एवढं बोलून मी भाकरी टाकायला जायचे. बोललेलं हवेत गेलं, असंच मला वाटायचं.

दुसरं तुमचं ते कानातलं. हातात सोल्डरिंगचं यंत्र, कानात बोंडं, आणि एकटेच फिदीफिदी हसताय. बायकोला वेड लागायची वेळ! एकदा एक बोंड ओढून मी माझ्या कानात घातलं. दोन-तीन गडी एकमेकांना भाई भाई करत होते आणि विनोद सांगायच्या आधीच हसत होते. मला नाही आवडलं. सांगायच्या आधी हसणाऱ्याचा आणि माल दाखवायच्या आधी भाव सांगणाऱ्याचा भरवसा नसतो.

“अगं, वातावरण करतेत ते,” तुम्ही म्हणालात.

“वातावरण करावं लागतंय म्हंजे माल कमी हाय.”

तुम्ही तेव्हा हसला नाहीत. नुसती मान हलवलीत, काहीतरी लक्षात ठेवावं तशी. तिथंच मी ओळखायला हवं होतं.

सोमवार मात्र तुमचा धाराशिवचा. “पार्ट आणायला.” इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी. पार्ट आणायला दाढी कशाला लागते? आणि यायचात ते हातभर वायर घेऊन. त्यातच माझी निळी गोधडी गेली. विचारलं तर म्हणालात, “मोठा टीव्ही होता गं, गुंडाळून दिला एकाला. देईल आणून.” कोण देतंय आणून! गोधडीत गुंडाळलेला टीव्ही नेणारं गिऱ्हाईक नळदुर्गात कुणी बघितलं नाही. मी विचारून आले होते.

मग दिवाळीनंतर खरेदीला गेलेली शेजारची कमल परत आली ती थेट आपल्या ओट्यावर. “वैनी, भाऊजी दिसले की धाराशिवला. एका बाईसंगं चहा पीत हुते. लई हसत हुते बगा.”

त्या संध्याकाळी मी दुकानात आले.

“सोमवारी कुठं असता?”

“पार्ट आणायला.”

“आन् चहा कुणासंगं पिता?”

तुम्ही खाली वाकून स्क्रू शोधायला लागलात. स्क्रू टेबलावर तुमच्या नाकासमोर होता. मी बराच वेळ उभी राहिले. तुम्ही काही वर आला नाहीत.

तेव्हापासून मी दारात थांबणं सोडलं. चहा ठेवायचा आणि मागं फिरायचं. टीव्हीत कोण कुणाचा गळा धरतंय, याकडं बघायचंही नाही. तुम्ही मुद्दाम आवाज वाढवायचात. ऐकू यायचं मला. मी भांडी जोरात घासायचे.

उन्हाळा लागत होता. नेहमीसारखा चहा ठेवला, “चहा झालाय” म्हणाले, तुम्ही “हां” म्हणालात. मी मागं वळले, आणि थोड्या वेळानं बाहेरचं गिऱ्हाईक ओरडत आत आलं. हातात टेस्टर तसाच होता तुमच्या. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, काही कळलं नसेल त्यांना. हे डॉक्टरांना कसं कळलं? तुम्हाला काय काय कळलं, ते मला विचारायचं होतं.

तर तेराव्यानंतर ती बाई डोक्यातून जाईना. एका सोमवारी मी इस्त्रीची साडी नेसले आणि निघाले.

“कुठं गं?” शोभावन्संनी विचारलं.

“पार्ट आणायला.”

तुळजापूरवरून धाराशिव. रस्ताभर मी काय काय बोलायचं ते ठरवत होते. बाजारापासून आत एका गल्लीत तिचा क्लास सापडला. खाली फळा, बाकडी, कुणी नाही. बाजूनं अरुंद जिना. मी जिना चढायला लागले आणि वरून तुमचं हसणं ऐकू आलं.

तुमचंच. आधी नाकातून, मग खोकला आल्यासारखं, मग मोकळं. मी कठडा धरून उभी राहिले. खोटं कशाला सांगू? मला वाटलं, माझा संशय खरा होता. हा माणूस मेलेलाच नाही, इथं येऊन राहिलाय. आणि अहो, मला राग नाही आला. आनंद झाला!

दार न वाजवता ढकललं. आत नीलिमा आणि पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ कंप्युटरपुढं बसलेले. तुमचं हसणं त्या कंप्युटरमधून येत होतं. मला बघताच तिनं ते बंद केलं. चारी भिंतींना गोधड्या टांगलेल्या, आणि मधोमध माझी निळी! माझ्या लुगड्याचे, स्वातीच्या फ्रॉकचे तुकडे लावलेली.

एवढं ठरवून गेले होते, पण तोंडातून निघालं, “ही माझी आहे.”

ते गृहस्थ गडबडून उठले. “तुमचीच हाय, वहिनी. बसा, बसा. ह्या कमऱ्यात आवाज लई घुमायचा, म्हणून भाऊंनी आणली.” ते शेख सर. गणिताचे, आता रिटायर झालेले.

पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि मग दोघांनी मिळून सांगितलं. तुम्ही तिघं दर सोमवारी इथं बसायचात. अवकाशातल्या मालिकांवर गप्पा, थट्टा, भांडणं. ते सगळं भरून घ्यायचं आणि इंटरनेटवर टाकायचं. पॉडकास्ट. ऐकणारे फार नाहीत, पण जे आहेत ते चिवट आहेत म्हणे. तुमचं नाव तिथं नळदुर्गचे काका.

“आणि चहा?” मी विचारलं.

“खाली कोपऱ्यावर,” नीलिमा म्हणाली. तिला प्रश्नच कळला नाही. शेख सरांना कळला. ते दाढीतल्या दाढीत हसले.

“बरं,” मी म्हणाले. “यात माझं काय काम? तेराव्याला माझे हात धरून का रडलात?”

“काकू, तुम्ही तर मेन आहात!” असं म्हणून तिनं एक बटण दाबलं.

तुमचा आवाज आला. “तर मंडळी, आता गृहखात्याचा संशय.” मग तुम्ही थोडं थांबलात, आणि मग कॅप्टननं दार का वाजवलं ते सांगितलंत. माझ्या शब्दांत. त्यात शेख सर आणि ही बाई पोट धरून हसत होते.

माझं डोकं फिरलं. मी घरात भांडी घासणार, आणि तुम्ही इथं माझ्याच गोधडीत बसून माझी टिंगल करणार?

“टिंगल नाही हो,” नीलिमा म्हणाली. “लोक तेवढ्यासाठीच ऐकतात.”

“असं सगळेच म्हणतात. मग मला कुणी का नाही सांगितलं?”

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. शेख सर म्हणाले, “मी लई वेळा म्हणलो, वहिनींना घेऊन या. भाऊ म्हणायचे, ‘ती एकदा का हितं आली, मग मला कोण विचारतंय? तिचं बोलणं, एवढंच तर हाय माझ्याकडं सांगायला.’”

अहो! एवढंच? यासाठी स्क्रू शोधत होतात? दुसरी बाई असती तर मला भांडायला तरी जमलं असतं. या असल्या भीतीशी मी कशी भांडू?

नीलिमानं सगळे भाग माझ्या मोबाइलमध्ये लावून दिले. गोधडी काढून देऊ का, असंही विचारलं. मी म्हणाले, राहू द्या सध्या. संशय काही पुरता फिटला नव्हता. आपली एखादी वस्तू तिथं असली की परत जायला कारण राहतं.

मग रोज दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून, तुमचे हेडफोन लावून मी ऐकत बसले. खोट शोधत ऐकत होते. बारीक आवाज काढून माझी नक्कल केली असतीत ना, तर सांगते, जन्मात बोलले नसते. केली नव्हतीत. माझं वाक्य सांगताना तुम्ही हसतही नव्हता. सांगून झालं की गप्प बसायचात आणि बाकीच्यांना हसू द्यायचात. कुणाकडून शिकलात? त्या भाई-भाईवाल्यांकडून तर नक्कीच नाही.

माझी मतं विचाराल तर नीलिमाला घाई फार. विनोद यायच्या आधी तिचं हसू बाहेर येतं. शेख सर विनोद झाल्यावर तो समजावून सांगतात, गणितासारखा. मधेच कसल्यातरी मसाल्याची जाहिरात येते, तिचा तर मला दाट संशय आहे. जो मसाला तुम्ही तिघं एवढ्या प्रेमानं सांगत होतात, तो आपल्या घरात एकदाही आला नाही! पण ऐकवत होतं. एका दुपारी मी इतकी हसले की कमलनं शटरखालून डोकं घातलं. “वैनी, बरं हाय न्हवं?”

मग दिवाळीनंतरचे भाग लागले, आणि मी सावध झाले.

“गृहखातं म्हणतंय, त्या डॉक्टरणीला एकदा संधी द्यावी.”

मी? कधी? ती डॉक्टरीण अख्खा सीझनभर लोकांना कसलीतरी सुई टोचून झोपवत होती आणि कुणाला काही सांगत नव्हती. तिला मी संधी देईन?

पुढच्या भागात, “गृहखातं म्हणतंय, लपवणारा माणूस दरवेळी वाईटच असतो असं नाही.”

त्याच्या पुढच्या भागात तर कळस. “गृहखात्याच्या डोळ्यांत आज पाणी आलं, मंडळी. म्हणे, दोघांची ताटातूट बघवत नाही.”

ही कोण बाई? अहो, दिवाळीपासून मी जिचा शोध घेत होते, ती सवत मला इथं सापडली! माझं नाव लावून बोलत होती. गोड बोलत होती, लगेच विश्वास ठेवत होती, रडतसुद्धा होती. आणि तिला कशाचा म्हणून संशय येत नव्हता.

शेख सरांना फोन लावला. “हे मी बोललेलं नाही.”

“ठाऊक हाय, वहिनी,” ते हळूच म्हणाले. “मजाच गेली होती त्यातली. ऐकणाऱ्यांनी पण लिहिलं, गृहखात्याला झालं काय म्हणून. भाऊंना विचारलं तर म्हणले, ‘तब्येत बरी नाही तिची.’”

आजारी मी! ठणठणीत असलेली मी!

त्या दुपारी पुढचं ऐकलं नाही. तुमच्या खुर्चीत बसून राहिले आणि मधल्या दाराकडं बघत बसले. पलीकडं मी भांडी आपटत होते, आणि अलीकडं तुम्ही चहा गार करत विचार करत होतात, की ही असती तर आत्ता काय म्हणाली असती. इतकी वर्षं ऐकून तुम्हाला माझ्यासारखा एक संशय रचता येऊ नये? की येत होता, आणि तुम्हाला रचायचाच नव्हता? त्या डॉक्टरणीच्या नावानं तुम्ही संधी कुणासाठी मागत होतात? दार उघडंच होतं हो. चार पावलांवर मी होते. धाराशिवला जाऊन सगळ्या जगाला सांगितलंत, मलाच येऊन सांगायचं!

आणि मी तरी किती वाट बघायची होती? तेही कळत नाही मला.

गेल्या आठवड्यात नीलिमाचा फोन आला. त्या जहाजवाल्या मालिकेचा शेवटचा भाग आला होता. “काकू, काकांची खुर्ची आहे. तुम्ही याल?”

शोभावन्सं भडकल्या. “महिना न्हाय झाला धड, आन् ही पाटकासावर हसाया जाणार व्हय? लोक काय म्हणतील?” पुण्याहून स्वाती फोनवर म्हणाली, “आई, तू जा. आणि आत्याला सांग, तिथं चेहरा दिसत नाही, नुसता आवाज जातो.” वन्संना ते काही पटलं नाही. पण डबा त्यांनीच बांधून दिला.

मी तो शेवटचा भाग दुकानात पूर्ण बघितला. एकटीनं. मग सोमवारी जाऊन बसले त्या खुर्चीत. माइक म्हणजे काय, एक काळं बोंडूक. त्याच्याकडं बघून बोलायचं म्हणजे वेडेपणाच. मी शेख सरांकडं बघून बोलले.

“गृहखात्याला शेवट कसा वाटला?” नीलिमानं विचारलं, आणि आधीच हसली.

“नाही पटला,” मी म्हणाले. “इतक्या पिढ्या चालून त्या नव्या ग्रहावर उतरले, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. एकानं तरी वाकून माती हातात घेतली का? वास घेतला का? अख्ख्या जहाजात शेतकऱ्याचं एक पोर नसावं?”

“अवं, आनंदात होते ते,” शेख सर म्हणाले.

“असू द्या. पण ते गवत बघितलंत का? सगळं एका उंचीचं. रानात गवत असं उगवतं व्हय? ते कुणीतरी कापतंय. म्हणजे तिथं आधीच कुणीतरी राहतंय, आणि ह्यांना बघून लपलंय.”

नीलिमा म्हणाली, “अरे देवा!” आणि खरंच, पहिल्यांदाच ती हसायची विसरली होती. शेख सरांनी मोबाइल काढून तो शेवट परत लावला. तिघंही डोकी जवळ घेऊन गवत बघत बसलो.

नंतर मी म्हणाले, मला अजून एक सांगायचंय. “दिवाळीनंतर माझ्या नावानं जी बोलत होती, ती मी नव्हे. मी काहीच बोलत नव्हते तेव्हा. मी त्या डॉक्टरणीला संधी दिलेली नाही आणि देणारही नाही. सुईत काय होतं ते तिनं शेवटपर्यंत सांगितलेलं नाही.”

शेख सर खो खो हसले. मलाही हसू आलं. हसणं ओसरल्यावर नीलिमानं खालच्या आवाजात विचारलं, “आणि काकांना, काकू? त्यांना माफ केलंत?”

शेख सरांनी तिच्याकडं असं बघितलं, जसं वर्गात कुणीतरी भलतंच विचारावं. मी त्या काळ्या बोंडुकाकडं बघितलं.

“ते आमचं आम्ही बघू.”

तर बघू या. लपवलंत, ते चुकलंच. माझं बोलणं न विचारता नेलंत, तेही चुकलं. पण नेलंत ते सांडलं नाहीत, हेही मी ऐकलंय. माफ केलं असं लिहिलं तर तुम्हीच म्हणाल, ही मंदा नव्हे, ही ती दुसरी. म्हणून तसं लिहीत नाही. बोलणं सुरू केलंय, एवढं समजा. नाहीतर एवढं मोठं पत्र कशाला लिहिलं असतं?

आता दर सोमवारी जाणार आहे. नवीन मालिका सुरू होतेय, त्यात एक यंत्रमानव आहे आणि तो फार नम्रपणे बोलतो. मला आत्तापासूनच खटकायला लागलंय.

एक मात्र सांगायचं राहिलं. भाग बाहेर पडल्यापासून ऐकणारे लिहून विचारतायत, काका असते तर काय म्हणाले असते? नीलिमा म्हणते, काकू, प्रत्येक भागात तेवढं सांगत जा ना, लोकांना बरं वाटेल. मला जमेलही. तुमचा आवाज, तुमचं ते थांबणं, सगळं पाठ आहे. पण मी ते करणार नाही. हा माझा शब्द. माझं जे असेल ते मी बोलेन, तुमच्या तोंडी मात्र एक अक्षर घालणार नाही. कुणी विचारलंच, तर सांगेन, मला माहीत नाही. विचारायचं राहिलं.

तुमची,
मंदा